कुणी ओरडलं नाही

“ओरडलं का कुणी?” साहेबांनी दारातूनच विचारलं.

“नाही,” रिपोर्टताई म्हणाल्या.

“मग पुरा आता.”

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ही नेहमीची भाषा होती. एखाद्या डॉक्टरला, एखाद्या वॉर्डला आपल्यापुरती वेगळी माहिती हवी असली की ते ताईंकडे येत आणि ताई तसा रिपोर्ट बनवून देत. कुणी मागितला, कधी बनवला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मागणारे मागून बदलून गेले; रिपोर्ट मात्र लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे मुक्काम ठोकून राहिले. आता नवी प्रणाली येणार होती आणि तिच्यात कामाचे तेवढेच न्यायचे होते. विचारायला गेलं की जो तो म्हणायचा, “राहू दे, लागेल कधीतरी.” म्हणून ताईंनीच शक्कल काढली. रिपोर्ट गुपचूप बंद करायचा आणि थोडे दिवस थांबायचं. कुणी ओरडलं तर पुन्हा चालू, नाहीतर कायमचा पुरायचा. साहेबांना ही युक्ती इतकी आवडली, की वरच्या बैठकीत त्यांनी ती स्वतःची म्हणून सांगितली. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. थोडंसं वाटलं, पण घरी जाऊन सांगण्याइतकं नाही.

घरी सासरे होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेत आणि मधूनमधून रक्त तपासून येत.

“सूनबाई, मी सुटलो बरं का,” अप्पा जेवताना म्हणाले. “तुझ्या हॉस्पिटलातून तपासणीला या म्हणून फोन यायचा ना, तो बंद झाला. बरा झालो असेन.”

ताईंचा घास हातातच राहिला.

“कधीपासून येत नाही?”

“झाले की बरेच दिवस. आपण कशाला आठवण करून द्या?”

दुसऱ्या दिवशी ताई त्यांना बरोबरच घेऊन निघाल्या. रक्त नको तितकं पातळ झालं होतं. डॉक्टरांनी गोळी कमी केली, अप्पांना चार शब्द सुनावले आणि घरी पाठवलं. ताई तशाच तपासणीच्या खिडकीवरच्या सिस्टरकडे गेल्या.

“सिस्टर, न येणाऱ्यांना फोन तुम्हीच करता ना?”

“मीच की. सकाळी प्रिंटरवर यादी यायची, तिच्यावरून. हल्ली येतच नाही.” सिस्टर हसल्या. “मी म्हटलं, चला, लोकांना अक्कल आली. सगळे वेळेवर यायला लागले.”

ती यादी म्हणजे ताईंनी बंद केलेल्यांतलाच एक रिपोर्ट. बंद करण्याआधी तो कुणी उघडतं का, हे त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. कुणीच उघडत नव्हतं. तो छापून कुणी कागदावर वाचत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ओरडणार तरी कोण? यादी येत नाही म्हणून सिस्टर खूश, फोन येत नाही म्हणून अप्पा खूश. अप्पांच्या घरात निदान त्या होत्या. बाकीच्यांच्या घरात कोण होतं?

त्यांनी रिपोर्ट चालू केला. यादी लांबलचक निघाली.

“झाला ना चालू? मग मिटलं,” साहेब म्हणाले. “उगाच बोभाटा नको. विचारलंय का कुणी?”

ताई यादी घेऊन सिस्टरकडे गेल्या. अर्धी यादी सिस्टरनी घेतली, अर्धी त्यांनी. बहुतेक जण फोनवर भेटले. एक गृहस्थ तर “इतके दिवस झोपला होतात का?” म्हणून खेकसले, आणि ते ऐकून ताईंना फार बरं वाटलं. मग एका घरी बाईंनी फोन उचलला.

“ते गेले हो. मागच्या आठवड्यात. डोक्यात रक्तस्राव झाला. त्या फोनवाल्या बाई तुम्हीच का? तुमचं फार ऐकायचे. मी जा म्हटलं की म्हणायचे, वेळ झाली की हॉस्पिटलातल्या बाई सांगतील, त्या कधी चुकत नाहीत.”

शेजारी सिस्टर दुसऱ्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होत्या.

“त्या मी नव्हे,” ताई म्हणाल्या. “फोन माझ्यामुळे बंद पडला. ती यादी मी बंद केली होती.”

“का?”

“कुणी वापरत नाही असं वाटलं.”

 पलीकडून फोन ठेवला गेला.

यादीत सगळ्यांत जास्त दिवस न आलेला माणूस पहिला येई. दुसऱ्या सकाळी त्या बाईंच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव पहिलं होतं. कॉम्प्युटरमधून ते काढायला घरच्यांकडून मृत्यूचा दाखला हवा होता आणि तो मागायला पुन्हा फोन करणं ताईंच्याने होईना. प्रिंटर सुरू व्हायच्या आधी त्या रोज खिडकीपाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. कागद आला की पहिल्या नावावर पेनाने रेघ ओढायच्या आणि मग तो सिस्टरच्या हातात द्यायच्या. दुसऱ्या दिवशी ते नाव पुन्हा पहिलंच असे. हा माणूस अजून आलेला नाही, एवढंच त्या यादीला कळत होतं.