खालच्या पाड्याचा पट्टा

माझ्या नवऱ्याला, तुळशीदासला, युरोपची भारी काळजी. जव्हारच्या आमच्या भाड्याच्या खोलीत सकाळी पेपर उघडला की याचं सुरू. साल नव्याण्णव, कोसोवोत बॉम्ब पडत होते.

"बघ, आग यांच्या दारात आणि विझवायला अमेरिका! पैसेवाले देश, पण स्वतःच्या संरक्षणावर खर्च करायचा म्हटलं की हात आखडता. फुकटे साले!"

"आणि आपला पट्टा?" मी विचारलं.

सूर्यमाळला उतारावर दोन पाडे. खालचा माझं सासर, वरचा माहेर. वणव्यापासून दोन्ही वाचावेत म्हणून होळीआधी जंगलाच्या कडेनं गवत कापून, पाला झाडून मोकळा पट्टा काढायचा. अर्धा वरच्यांनी, अर्धा खालच्यांनी. खालच्या पाड्यात नोकऱ्या आल्या आणि कोयते गंजले. माझा भाऊ देवराम वरची माणसं आणून दोन्हीकडचा पट्टा काढायचा. त्या वर्षी मात्र त्यानं निरोप धाडला होता, तुमचा तुम्ही काढा. होळी होऊन गेली तरी आमचं गवत उभंच होतं.

"काढेल गं देवराम. त्यांना सवय आहे," नवऱ्यानं पान उलटलं.

देवरामनं नाही काढला. चैत्रात वणवा दरीतून चढला, तो आमच्या उभ्या गवतातून. खालची घरं कौलारू, अंगणं मोकळी, ती वाचली. वाऱ्यानं आग वर नेली. देवरामचं कुडाचं, गवतानं शाकारलेलं घर गेलं, बियाण्याची नागली गेली. शेळी सोडवताना कोंडीवहिनीचा हात कोपरापर्यंत भाजला. ज्यांनी आपला अर्धा पट्टा झाडून ठेवला होता, त्यांचंच जळलं! अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

नवरा सांत्वनाला आला आणि राखेत उभा राहून म्हणाला, "जबाबदारी सगळ्यांनी मिळून घेतली पाहिजे."

"हे युरोपला सांगा," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

पुढच्या वर्षी होळीआधी सासूबाईंचा घाबरा निरोप आला. आम्ही एसटीनं गेलो. देवरामची माणसं पट्टा काढत होती, पण दोन पाड्यांच्या मधोमध. आमचा अख्खा पाडा जंगलाच्या बाजूला राहत होता.

"अरे देवराम, चुकलास. पट्टा जंगलाकडून काढतात."

"आग जिकडनं आली तिकडनंच काढतोय, दाजी."

"आणि माझी आई? तिचं घर बाहेर राहतंय!"

"तुमच्या आईला ल्योक हाय ना."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भावाला समजवावं, असं त्याला वाटत असणार. कोंडीवहिनीचा हात अजून सरळ होत नव्हता. तिच्याजवळचा कोयता मी उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"खाली जंगलाच्या कडेला. निघा."

"एकट्यानं?"

"इतकी वर्षं दोन्हीकडचा काढताना देवरामनं विचारलं होतं असं?"

खाली सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर चुकवत तो उताराला लागला.