बुक्कीनं फोडलेला कांदा

धामणगाव बढ्याचे वामनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. बत्तीस वर्षं प्रवाशांची तोंडं वाचलेला माणूस. अर्ध्या तिकिटाचं पोरगं अकराचं की चौदाचं, हे ते नुसतं बघून सांगत. त्यामुळे मुलगी पुष्पांजली पुण्याच्या नोकरीतून सुट्टी काढून, पाठीवर बॅग टाकून युरोपात बसनं फिरायला निघाली आणि "एकटीच चालली, बाबा," म्हणाली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बायको विमलबाई महिन्यापासून पुण्यात, मुलीच्या खोलीवर, गुडघ्याच्या इलाजासाठी. म्हणजे घरात वामनराव, मोबाइल आणि संशय, असे तिघंच.

फोटो येऊ लागले. आधी व्हिएन्ना, मग ल्युब्लियाना नावाचं शहर, जे उच्चारताना वामनरावांची जीभ अडखळायची. पुष्पांजली पुलावर, पुष्पांजली बसपाशी, पुष्पांजली चर्चसमोर. प्रत्येक फोटोत तिचे पाय गायब आणि डोक्यावर हातभर आभाळ.

"फोटो कोन काढून राह्यलं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"रस्त्यानं जानारं कोनीबी, बाबा."

आता रस्त्यानं जाणारी माणसं दोन देशांत एकच चूक कशी करतील? वामनरावांनी सगळे फोटो पुन्हा एकदा तपासले. शहरं वेगळी होती, काढणारा हात एकच होता.

त्यांनी विमलबाईंना फोन लावला. "पोरीसोबत कोनीतरी हाय."

"असीन कोनी चांगलं मानूस," विमलबाई म्हणाल्या. "तुमी लयच वहमी झाले. ठेवते, माहा नंबर लागला."

आईच असं म्हणायला लागली! वामनराव दिवसभर धुमसत राहिले.

चौथ्या दिवशी जेवणाचा फोटो आला. बाकड्यावर कागद पसरलेला, त्यावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तो कांदा बघून वामनराव खाटेवर ताडकन उठून बसले. कांदा सुरीनं कापलेला नव्हता. बुक्कीनं फोडलेला होता. पुष्पांजलीला बुक्कीनं कांदा कधीच फोडता आला नाही, आणि गोऱ्या माणसानं तर बापजन्मी तो फोडला नसेल. म्हणजे सोबती आपल्याच इकडचा, आणि तोही पक्का. तर कोण? गावातल्याच पंजाबरावांचा शिवम. कॉलेजात हिच्याच वर्गात होता आणि दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला होता.

पोराचा राग आला, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त लागलं ते हे की, जिच्या शब्दावर त्यांनी आजवर डोळे झाकून विश्वास ठेवला, ती पोरगी तोंडावर खोटं बोलली. खरं निघालं तर तिला या घराची पायरी चढू द्यायची नाही, असं ठरवूनच त्यांनी चपला घातल्या.

पंजाबरावांच्या ओट्यावर शिवम स्वतः मुरमुरे खात बसला होता.

"या ना काका! आठ दिवस झाले मले येऊन."

वामनरावांनी सगळ्यांची खुशाली विचारली, म्हशीचीही विचारली आणि आल्या पावली परत फिरले. घरी जायचा धीर होईना. स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

"पुष्पा, माही आन हाय तुले. सोबत कोन हाय?"

पुष्पांजलीनं बाजूला बघितलं. कोणीतरी तिच्या हातून फोन घेतला. डोक्याला मफलर, अंगात पुष्पांजलीचं लाल जॅकेट, खाली हिरवं लुगडं, आणि या सगळ्यात विमलबाई.

वामनरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "तुहा... तुहा गुडघा?"

"बरा हाय. किल्ला चढली सकाळी."

"अन पासपोर्ट?"

"दिवाळीत पुन्याले गेलती, तवाच काढला."

"मले काऊन नाही सांगतलं?"

विमलबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बत्तीस वर्षं तुमाले घरच्यायसाठी फुकट पास भेटे. मी दर साली म्हनो, चाला, कुठंतरी जाऊ. तुमी म्हनत, वर्षभर गाडीतच राह्यतो, आता पुन्हा गाडी नको. पास तसाच राहे. आता सांगतलं असतं, त येऊ देलं असतं?"

'हो' हा शब्द वामनरावांच्या ओठांपर्यंत आला. खोटं बोलणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर गाडीतून उतरवलं होतं. त्यांना फार लाज वाटली.

"नसतं देलं," ते म्हणाले.

"मंग!" विमलबाई म्हणाल्या. "आमची गाडी लागली."

फोन पुष्पांजलीकडे गेला, पण कट झाला नाही. हलत्या चित्रात वामनरावांना विमलबाई बसमध्ये चढताना आणि खिडकीपाशी बसताना दिसल्या. गाडी सुरू झाली.

"पुष्पा, तिले दे ना फोन," ते म्हणाले. "आता मी काही इचारत नाही. सहजच बोलतो."

"आई, बाबा बोलवून राह्यले."

विमलबाईंनी काचेवरून नजर हलवली नाही.

"सांग त्यायले, मी बाहीर पाहून राह्यली म्हना."