दुसरं खातं

मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण मात्र आपला आपण फिरत होता. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ते कुणाला तरी सांगत होते, "हो, दिसतंय. उघडलंत तुम्ही. हो, तेच, बँकेचं."

त्यांची बायको वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन खोलीतून चालली होती. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या हातांकडे. ढीग पलंगावर टाकला, टेबलामागे हात घातला आणि भिंतीतला प्लग ओढला.

"अगं, असं मध्येच बंद करतात का? फाइली बिघडतात."

"कोण होता फोनवर?"

"कंपनीचा माणूस. आपल्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय म्हणाला. तिथूनच काढून देणार होता."

"कुठल्या कंपनीचा?"

मास्तर हातातल्या फोनकडे बघू लागले. फोनमधून अजून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. बायकोनं फोन त्यांच्याकडून काढून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या फोनवरून बँकेला कळवलं. बँकेनं व्यवहार थांबवले. गेलं काही नव्हतं.

त्या भागातल्या निम्म्या घरांतले कॉम्प्युटर मास्तरांनी लावून दिलेले होते. आधी एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ते क्लास चालवत. तो बंद पडल्यावर घरोघर जाऊ लागले. त्यांच्या युक्त्या साध्या असत. पडद्यावर पसारा नको. मशीन सुरू होताना जे जे आपोआप जागं होतं, त्यातलं निम्मं झोपू द्या. अपडेट आलं की उद्यावर ढकलू नका. आपण उठून गेलो की पडद्याला कुलूप लागलं पाहिजे. आणि मशीन बिघडलंय असं सांगणारा फोन आला तर, ते म्हणत, "मला कळायच्या आधी तुम्हाला कसं कळलं, एवढंच विचारा. पुढचं तो बोलणार नाही." हे त्यांनी इतक्या लोकांना सांगितलं होतं की वाण्याचा मुलगा त्यांची नक्कल करून दाखवायचा.

अलीकडे बोलावणी कमी झाली होती. औषधवाल्याचं मशीन त्यांनी नव्यानं लावून दिलं, आणि चार दिवसांनी पुन्हा जाऊन तेच काम पहिल्यापासून केलं. मधली सगळी बिलं पुसली गेली. औषधवाल्यानं पुन्हा बोलावलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईही "सध्या सगळं छान चाललंय हो" म्हणायला लागल्या. मास्तरांनी याचा अर्थ आपल्या बाजूनं लावला होता. "आपण लावलेलं बिघडतच नाही, त्याला लोक तरी काय करणार?"

बायको हॉस्पिटलातून निवृत्त झालेली. सगळे अजून तिला सिस्टर म्हणत. माणूस वॉर्डात शिरतानाच त्याचं काय बिनसलंय हे तिला समजायचं. पण नवऱ्याकडे त्या नजरेनं पाहायचं तिनं बरेच महिने टाळलं. शेवटी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा दोघांनीही माना हलवल्या आणि घरी येईपर्यंत गळक्या नळाबद्दल बोलले.

प्लग ओढला त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

"बाबा, तो डबा काढूनच टाका ना आता. नाहीतर मला कंट्रोल द्या, मी इथून लक्ष ठेवत जाईन."

"तू नोकरी करणार की माझी राखण?"

"चेष्टा नाही करत मी."

"मीपण नाही करत. इतकी वर्षं लोकांची मशीनं लावली, माझं मला लावू दे."

लेक म्हणाली, "आईला द्या फोन." आईनं सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणून ठेवून दिला.

सकाळी मास्तरांनी दाढी केली, बाहेर कामाला जाताना घालायचे तो शर्ट घातला आणि टेबलाशी बसले. मशीनमधलं सगळं पुसून ते नव्यानं लावायला घेतलं. सिस्टर दुसऱ्या एका शर्टाला बटण लावण्याचं निमित्त करून पलंगावर बसल्या होत्या.

"खुर्ची घेऊन जवळ ये," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक म्हातारं असलं की घरचं माणूस शेजारी लागतं. नाहीतर आपली पाठ वळली की फोन सुरू."

"गिऱ्हाईक कोण?"

"आहे एक."

हात चुकत नव्हते. कुठं थांबायचं, कुठं 'हो' म्हणायचं आणि कुठं ठाम 'नाही', हे बोटांना माहीत होतं. मशीन स्वतःचं काम करत बसलं की ते हात छातीशी बांधून वाट पाहत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "हे कुणाचं लावतोय आपण?" सिस्टर म्हणाल्या, "आपलंच." ते म्हणाले, "हां, बरोबर."

दुपारी जेवून उठल्यावर पडद्याची पाळी आली. अक्षरं मोठी केली. मग जरा आणखी मोठी.

"एवढी?" सिस्टर म्हणाल्या.

"आज नाही लागणार. पुढे लागतील. तेव्हा सांगायला मी असेन का नीट?" त्यांनी बाण जाड, पिवळा केला. पत्रं, फोटो, गाणी आणि पत्त्यांचा खेळ एवढंच समोर ठेवलं, बाकी सगळं नजरेआड. पडद्यावर इतकी वर्षं लेकीचा लहानपणचा फोटो होता, दात पडलेला. तो त्यांनी परत लावला नाही. साधा गडद हिरवा रंग भरला. "फोटोवर चिन्हं हरवतात," ते म्हणाले. "गिऱ्हाईकाला शोधायला लावायचं नाही. शोधावं लागलं की ते घाबरतं."

सिस्टरांनी दोरा दातानं तोडला.

"आता नीट ऐक. या मशीनवर दोन खाती राहणार. एक रोजचं. त्यात पत्रं लिहा, पत्ते खेळा, काय हवं ते करा. पण नवीन काही बसवायचं म्हटलं की मशीन अडून बसतं, दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागतं. ते दुसरं खातं मालकाचं. मग फोनवरचा माणूस कितीही गोड बोलू दे, त्याला आत घ्यायला पासवर्ड नको का?"

"मग मालक तुम्ही."

"नाही. मालक तू."

"मला त्यातलं काय कळतं? मला ते चालूपण करता येत नाही."

"तुला पटवता कुणाला येतं? तो गाद्या विकायला आलेला माणूस, त्याला तू चहा पाजलास, घरची सगळी चौकशी केलीस आणि तसाच परत पाठवलास. मी लग्नापासून प्रयत्न करतोय, मला एकदा जमलेलं नाही."

सिस्टर हसल्या, पण लगेच थांबल्या. "लेकीकडे द्या ना. ती शिकलेली आहे."

"तिला माझी दया येईल. मी रडून मागितलं की ती देऊन टाकेल." त्यांनी कीबोर्ड बायकोसमोर सरकवला. "लांबलचक ठेव. वाढदिवस नको, कुणाचं नाव नको. मला कधीही सांगायचा नाही. मी मागेन, चिडेन, काय वाटेल ते बोलेन. तरी नाही. तुला विसरायची भीती वाटली तर मी अंघोळीला गेलो की लेकीला सांगून ठेव."

"मग ती नाही का देणार?"

"तू सांगितलंस की नाही हे मला कळणारच नाही. मग तिच्याकडे रडू कशाला?"

मग त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती. सिस्टर एका बोटानं अक्षरं शोधत होत्या. एक खटका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मशीननं तेच पुन्हा लिहायला सांगितलं, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून लागल्या. मास्तरांनी एकदाही मान वळवली नाही. चादरवाली आत गेली, तिनं खिडकी लावून घेतली, तरी ते तिकडेच पाहत राहिले.

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"बरं," ते म्हणाले. वळायला त्यांना वेळ लागला.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी पासवर्ड बरेचदा मागितला. कधी सहज, कधी चिडून. एकदा ताटावरून उठून गेले. सिस्टर प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या. हॉस्पिटलात हट्टी पेशंटशी बोलायचा त्यांचा एक आवाज होता. तो त्यांनी घरी कधी वापरला नव्हता, आता वापरू लागल्या.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. सिस्टर स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. आतून हाक आली.

"अहो बाई."

त्या हात पुसत दारात आल्या. पडद्यावर एक चौकोन उघडला होता, त्यात पासवर्डची जागा रिकामी. मास्तर खुर्चीतून अर्धे उठून, परक्या घरी बोलावं तशा अदबीनं बोलत होते.

"माफ करा हं. याचा पासवर्ड तुमच्याकडे असतो का?"

सिस्टर टेबलापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "असतो. पण द्यायचा नाही म्हणून मला सांगून ठेवलंय."

"कुणी?"

"मास्तरांनी. हे सगळं त्यांनीच लावून दिलंय."

मास्तरांनी मोठ्या अक्षरांकडे पाहिलं, हिरव्या पडद्याकडे, जाड पिवळ्या बाणाकडे. मान डोलावली.

"माणूस जाणता दिसतो," ते म्हणाले. "देऊ नका मग."

त्यांनी चौकोन बंद केला, खाली बसले आणि पत्ते लावायला घेतले. सिस्टरांनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या.