बुधवारचं ड्रेसिंग

"पाय उचल वं बाई, अजून थोडा," म्हणत सुभद्रा सिस्टरनं पार्बताबाईची टाच स्टुलावर टेकवली आणि मोबाइल जखमेजवळ नेला. पडद्यावर डॉ. चिंतामण पाठक होते, अमरावतीच्या घरी, पांढऱ्या शर्टात, केस नीट विंचरून. बुधवारी सकाळी अकरा म्हणजे अकरा.

"रंग?" सरांनी विचारलं.

"लाल आहे सर."

"वास?"

"नाई सर."

"पाणी येतं?"

"थोडंसं."

मग सुभद्रानं पार्बताबाईच्या करंगळीवर बोट ठेवलं आणि ती गप्प राहिली. करंगळीची आतली बाजू काळी पडली होती. फार नाही, तुरीच्या दाण्याएवढी. सर क्षणभर थांबले. "छान. हेच चालू ठेवा," म्हणाले आणि पुढच्या गावच्या सिस्टरकडे वळले.

बार्शीटाकळी तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात सुभद्राची बावीस वर्षं गेली होती. लसीकरण, बाळंतपणं, रजिस्टरं सगळं केलं, पण तिचा जीव रमायचा तो साखरेच्या पेशंटच्या पायांत. ऐकणारा नाक मुरडेल, पण कुजायला आलेला पाय भरून आला की तिला लेकीचं लग्न पार पडल्यासारखं वाटायचं. सहा वर्षांपूर्वी एका संस्थेनं सात गावांतल्या सिस्टरना हे काम शिकवायला एक निवृत्त सर्जन लावून दिले, तेही फोनवर. ते हे सर.

सर कडक होते. पहिल्याच महिन्यात मोर्शीकडची जमुना सिस्टर एका म्हाताऱ्यासमोर "सर, हे सडलं" असं बोलून गेली. म्हातारा जो घाबरला तो पुन्हा फिरकलाच नाही. सरांनी सातही जणींना झापलं. "पेशंटसमोर वाईट शब्द काढायचा नाही. बोट ठेवायचं. मला दिसतं. पुढचं मी सांगेन." तेव्हापासून सात गावांत काळं झालेलं कोणी बोलून दाखवत नसे. बोट ठेवलं जाई, सर म्हणत "उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या," आणि पाय वाचत असे. असे अकरा पाय एकट्या सुभद्राच्या पेशंटचे वाचले होते; गेल्या दोन वर्षांत मात्र तिच्याकडे बोट ठेवायची वेळच आली नव्हती.

म्हणून सर छान म्हणाले म्हणजे छान. आपल्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवण्यात मोठं सुख असतं, जबाबदारी नावाला राहते. पुढच्या बुधवारी करंगळी अर्धी काळी होती. सुभद्रानं बोट ठेवलं, दोनदा टेकवलं, मोबाइल आणखी जवळ नेला. सर म्हणाले, "छान."

रविवारी पार्बताबाईला हुडहुडी भरून ताप आला. मुलगा सूर्यभान तिला अकोल्याला घेऊन गेला. सोमवारी गुडघ्याखालून पाय काढला.

गुरुवारी सुभद्रा रजा टाकून एसटीनं अमरावतीला गेली. सरांना जाब विचारायचा होता. सहा वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार होती. दार त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनी उघडलं. आवाज ऐकताच सर आतून म्हणाले, "अरे, सुभद्रा! बस बस," आणि स्वतःच तांब्यातून पेल्यात पाणी ओतू लागले. डाव्या हाताचं बोट त्यांनी पेल्याच्या आत धरलं होतं. पाणी बोटाला लागलं तसा त्यांनी तांब्या खाली ठेवला.

सुभद्रानं ते बोट पाहिलं.

"कवापासून सर?"

सर चाचपत खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "दीड वर्ष. पडदा गेलाय डोळ्यांचा. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. पण मी विचारतो ना सगळं? रंग, वास, पाणी. तुम्ही सांगता. तेवढ्यावर बरोबर चाललं होतं."

"मी दोन बुधवार बोट ठेवलं होतं सर."

"कशावर?"

"काळ्यावर. पार्बताबाईचा पाय कापला."

सरांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुमीच तं सांगतलं होतं, बोलाचं नाई म्हनून."

सरोजिनीबाई दारातूनच म्हणाल्या, "मी कितीदा म्हटलं यांना, सांगून टाका. पण बुधवार सोडला तर यांना कोणी काही विचारत नाही हो."

"तू गप्प बस," सर म्हणाले. "कागद घे. संस्थेला लिही, आजपासून हे काम मी सोडतो." त्या लिहू लागल्या. सरांनी विचारलं, "कारण काय लिहिलंस?"

"प्रकृती."

"खोड ते. दिसत नव्हतं असं लिही. दीड वर्ष दिसत नव्हतं."

त्यांनी सही केली. ती तिरपी होत कागदाबाहेर टेबलावर गेली. सुभद्राला त्यांचा भयंकर राग आला होता आणि ती सही पाहून रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

मग सरांनी सुभद्राला बाकीच्या सहाही सिस्टरना फोन लावायला सांगितलं. प्रत्येकीला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. दीड वर्षात जिथे जिथे बोट ठेवलं असेल, ते सगळे पाय आजच्या आज पुन्हा पाहा, म्हणाले. जमुनानं विचारलं, "सर, माये दोन पेशंट तं वारले. त्याइचं काय करू?"

सरांनी फोन बायकोच्या हातात दिला.

पंधरा दिवसांनी पार्बताबाई घरी आली. सरांच्या जागी अजून कोणी मिळालं नव्हतं, त्यामुळे त्या बुधवारी फोन नव्हताच. सुभद्रा सामान घेऊन तिच्या घरी गेली आणि पेटी उघडण्याआधी सगळं सांगून मोकळी झाली. सरांचे डोळे, तो नियम, दोन बुधवार ठेवलेलं बोट. सांगताना तिला जरा हलकंही वाटू लागलं होतं.

सगळं ऐकून मग पार्बताबाई म्हणाली, "त्याच्या डोयाले दिसत नोतं, समजलं मले. पन तुले तं दिसत होतं नं वं?"

"हो," सुभद्रा म्हणाली.

"मंग?"

सरांचं नाव घ्यायला सुभद्रानं तोंड उघडलं, पण ते घेववलं नाही. बाहेर सूर्यभान कोणाशी तरी नकली पायाचं बोलत होता. तो काय म्हणतो ते दोघीही ऐकत राहिल्या.

पार्बताबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून तिनं कापून उरलेला पाय सुभद्रापुढे केला. पट्टी बदलायची होती आणि गावात दुसरं कोणी नव्हतं.