वरचं की खालचं?

टाकीकाकांची सगळी हयात शहराचं पाणी शुद्ध करण्यात गेली. गढूळ पाणी हौदात यायचं, तुरटीने गाळ तळाशी बसायचा, निवळलेलं पुढे जायचं आणि गाळ गटारात. त्यामुळे लेक शाळेत निघताना म्हणाली, "बाबा, पातेल्यातलं खाली बसलं की शेवटचं एकदा शुद्ध करून ठेवाल? प्रदर्शनाचं आहे," तेव्हा त्यांना हसू आलं. माशाच्या पिल्लाला कुणी पोहायला शिकवतं? एरवी तिचा अभ्यास त्यांच्या डोक्यावरून जायचा. तिने त्यांच्याकडे काही मागितलं ते आज पहिल्यांदाच, आणि तेही त्यांच्या हातखंड्याचं.

बटाटे किसून, फडक्यातून पिळून, पाणी बदलत बदलत तिने ते पातेलं तयार केलं होतं. काकांनी वरचं पाणी अलगद बाटलीत घेतलं आणि वर दोनदा गाळलं. तळचा पांढरा गाळ मोरीत ओतून पातेलं लख्ख घासलं.

लेक आली आणि पातेल्यात बघतच राहिली.

"बाबा, खालचं पांढरं कुठंय?"

"गाळ? टाकला की."

"तो स्टार्च होता. त्याचंच प्लास्टिक करायचं होतं."

"अगं, पण तू शुद्ध म्हणालीस."

"हो. म्हणजे वरचं पाणी टाकायचं."

काकांनी बाटली उजेडात धरली. पाणी आरपार दिसत होतं. हे टाकायचं आणि गाळ ठेवायचा, हे कुठलं शुद्ध? त्यांना काही उमगेना. सगळं मुसळ केरात गेलं एवढं मात्र कळलं, कारण लेक मोरीपाशी बसून राहिली होती. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

टोपलीतले उरलेसुरले बटाटे मग काकांनीच किसले, बोटाचं सालटं निघेपर्यंत. पहिलं तपकिरी पाणी त्यांनी बिनतक्रार ओतलं, दुसरंही. शेवटचं अगदी निवळलं.

"ओता," लेक म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

हात वळेना. असं पाणी हौदातून गटारात सोडलं असतं तर नोकरीच गेली असती. शेवटी तोंड फिरवून त्यांनी ते ओतलं.

त्या स्टार्चमध्ये व्हिनेगर आणि ग्लिसरीन घालून लेकीने खळ शिजवली. वाळून तिचा पापुद्रा झाला तो जेमतेम तळहाताएवढा. प्रदर्शनात शेजारच्या टेबलांवर वाट्या काय, चमचे काय! काका ओशाळून भिंतीला टेकून उभे होते. लेकीने पापुद्र्याशेजारी ती पहिली बाटलीही का मांडली होती, हे त्यांना कळत नव्हतं.

तपासणाऱ्या बाईंनी पापुद्रा वाकवून पाहिला, मग बाटली उचलली. "आणि हे काय?"

लेकीने मागे वळून वडिलांकडे पाहिलं.

"तेही शुद्धच आहे," ती म्हणाली. "बाबांनी केलंय."