भिंतीवरचा ओढा

मी एक जुनं चित्रपुस्तक आहे. पण मित्रांनो, मला आजवर कुणी मांडीवर घेऊन वाचलेलं नाही, कारण मी मांडीवर मावतच नाही. माझं एकेक पान चटईएवढं आहे. मला जमिनीवर पसरायचं आणि माझ्यावर पाय ठेवून चालायचं, यासाठीच माझा जन्म झाला. आज मी भिंतीवर आहे. गळ्यात झेंडूची माळ आहे, अंगावर हळदकुंकू आहे. इतका मान फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येतो. तो मला कसा मिळाला, आणि तो मला का बोचतो, तेच आज सांगतो.

रेल्वे कर्जत सोडून घाट चढायला लागते, तिथे ठाकुरवाडी लागते. तिथून पायवाटेने वर गेलं की ओढ्याकाठी एक लहानशी वाडी आहे. तिथल्या शाळेत दोनच शिक्षक. धाकट्या मुलांना दर्शनाबाई शिकवायच्या. त्यांच्या वर्गात कोंडी नावाची मुलगी होती. बेरीज तिला चटकन येई, पण वजाबाकी आली की पेन्सिल थांबे. सातातून तीन गेले किती, असं विचारलं तर ती दहा लिही.

"अगं कोंडी, कमी करायचेत ना?"

"कमी कशाला करायचं, बाई? हायेत ते राहू द्या की."

बाई हसल्या, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी पाहिलं, मुलं ओढा ओलांडत होती. एका दगडावरून दुसऱ्यावर. कोंडीचा पाय घसरला, तशी ती दोन दगड मागे आली, थांबली, आणि पुन्हा पुढे निघाली. बाई काठावर उभ्याच राहिल्या. त्यांना मी दिसलो, तो तिथे.

मंडपाचं फाटलेलं जाड कापड त्यांनी मिळवलं, धुतलं, कापलं, एका बाजूने शिवलं. त्यांचा भाऊ रत्नदीप खालापूरला दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याच्यापुढे त्यांनी मला पसरलं.

"ताई, मी 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' रंगवणारा माणूस. खेकडे कधी काढलेत गं मी?"

"खेकडा कसाही काढ, पोरं ओळखतील. दगड तेवढे सारख्या अंतरावर हवेत."

असा मी तयार झालो. माझ्या प्रत्येक पानावर ओढा आहे, ओढ्यात दगड आहेत, दगडांवर आकडे आहेत. अलीकडच्या काठावर शून्य आहे. माझ्यात एका खेकडीणबाईची गोष्ट आहे. ती घरी निघालेली असते. पाच दगड पुढे जाते, समोर पाण्याचा साप दिसतो, दोन दगड मागे येते. असं करत करत शेवटच्या पानावर ती आपल्या बिळात पोचते, आणि पिल्लं तिच्या अंगावर चढतात.

पहिल्याच दिवशी मुलांनी मला घेरलं. कोंडी वाकून खेकडीण न्याहाळत होती.

"बाई, हिचे पाय कुनी खाल्ले? खेकड्याला आठ पाय नि दोन नांग्या. हिला सहाच पाय हायेत."

"मग किती कमी?"

"दोन."

"झाली की गं तुझी वजाबाकी!"

कोंडीचा विश्वास बसेना. मग ती माझ्यावर चढली. तिच्या पावलांना ओली माती होती. सातव्या दगडावरून ती तीन दगड मागे आली, खाली पाहिलं आणि ओरडली, "चार!" नंतर जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "मागं आलं म्हंजे चुकलं नाय ना, बाई?"

"नाही गं. मागे येणं हेसुद्धा चालणंच असतं."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. शून्य म्हणजे काहीच नाही, असं तिथलं एकही मूल म्हणत नसे. शून्य म्हणजे काठ, जिथून पाऊल उचलायचं. माझ्या दगडांचा रंग पुसट होत चालला आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

मग मालतीबाई मुख्याध्यापक म्हणून आल्या. कर्जतच्या जुन्या घराण्यातल्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं मनापासून पाळणाऱ्या. आवाज कधी चढत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाहिलं. माझ्यावर मुलं उड्या मारत होती.

"अरे अरे, उतरा, बाळांनो! पुस्तक ना ते?"

मुलं बाजूला झाली. मालतीबाई खाली बसल्या. माझ्यावरची चिखलाची पावलं त्यांनी आपल्या पदराने पुसली आणि माझी कड डोळ्यांना लावली. खोटं कशाला बोलू, इतक्या मायेने मला कुणीच कधी पुसलं नव्हतं.

"बाई, हे चालायचंच पुस्तक आहे," दर्शनाबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे चालत असेल हो. आमच्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात."

दर्शनाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं, तेव्हा माझ्या आजोबांनी हात धुऊन ते घेतलं होतं, बाई. पुस्तक म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको."

मालतीबाई ओशाळल्या. पण मला उचललं ते उचललंच. दुसऱ्या दिवशी मला खिळे ठोकून भिंतीवर टांगलं, हार घातला, उदबत्ती लावली. मी उघडा होतो तो नेमका त्या पानावर, जिथे साप आडवा आलाय आणि खेकडीण थबकलीय. पुढचं पान कुणी उलटलं नाही.

दर्शनाबाईंनी हार मानली नाही. ओसरीवर खडूने दगड काढले, मुलांना त्यावरून चालवलं. कोंडी माझ्याकडे बघत बघत चालायची. पण लवकरच बाईंच्या बदलीचा हुकूम आला, खालापूरच्या बाजूला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, याला अधूनमधून खाली घेत जा."

"काळजी नको हो. मी रोज फूल वाहीन."

आणि त्यांनी रोज फूल वाहिलं. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. वाईट असत्या तर मला इतकं लागलं नसतं.

त्याच सुमारास कोंडीची आई भागी शाळेच्या दारात आली. कडेवर धाकटा सखा होता.

"बाई, मी माथेरानला निघाली. हाटेलात चादरी धुवायचं काम हाय. ह्या सख्याला बघायला कोन नाय. कोंडीला गनित जमत असंल तर तिला आजीपाशी ठेवते, शिकू दे. नाय जमत तर संगं नेते. तुमी सांगा."

"दोन दिवसांनी साहेब येणारेत, मुलांची परीक्षा घ्यायला. तोवर थांबा. देवी बुद्धी देईल तिला," मालतीबाई म्हणाल्या. ते त्या अगदी मनापासून म्हणाल्या, कारण दोन्ही दिवस त्यांनी कोंडीच्या नावाने दिवा लावला. ओसरीवर खडूचे दगड मात्र कुणी काढले नाहीत.

साहेब आले. आधी माझ्यासमोर उभे राहिले. "वा! असं पुस्तक मी कुठल्याच शाळेत पाहिलं नाही." माझ्याबरोबर फोटो काढला. मग कोंडीला फळ्याशी बोलावलं. बारातून पाच गेले किती?

कोंडी फळ्याकडे पाठ करून माझ्याकडे बघू लागली. तिचा उजवा पाय फरशीवर थोडा मागे सरकला. मग डावा. मला कळलं, ती चालत होती. बारा, अकरा, दहा... मी खिळ्यांवर ताणून धरलेलं कापड, मी काय करणार?

"कोंडी, पाय काय हलवतेस? साहेबांसमोर नीट उभी राहा, बाळ," मालतीबाई हळूच म्हणाल्या.

पाय थांबले, आणि त्यांच्याबरोबर मोजणंही थांबलं.

"सतरा," कोंडी म्हणाली.

पोरं हसली. एक जण ओरडला, "गेली पुढच्या गावाला!" साहेबही थोडे हसले. दाराशी उभी असलेली भागी सख्याला कडेवर सावरत माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी कोंडीची जागा रिकामी होती.

दसरा आला. पाटीपूजनासाठी मला खाली उतरवलं. किती दिवसांनी मी जमिनीला टेकलो! मुलांनी पाट्यांवर एक-एक-एक असे आकडे काढून सरस्वती काढली होती, आणि मधोमध मला पसरलं होतं. सणासाठी भागी वाडीवर आली होती. सख्याचं बोट धरून कोंडी दारात उभी राहिली. तिच्या हातांना साबणाच्या भेगा पडल्या होत्या. पाटी नव्हती.

सखा तिचा हात सोडून धावला. माझ्या काठावर येऊन त्याने शून्यावर एक पाऊल टाकलं. लहानसं, ऊबदार. दुसरं पाऊल उचललं. मित्रांनो, मी श्वास रोखून धरला. आता पहिला दगड!

"ए सख्या! पाय नको लावू रं! पाप लागतं!" कोंडीने त्याला खसकन ओढलं. त्याचे दोन्ही हात धरून माझ्यापुढे जोडले. मग स्वतः वाकली आणि ज्या दगडावरून ती कधी काळी "चार!" म्हणून ओरडली होती, त्यावर तिने कपाळ टेकलं.

मालतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी गं माझी. शिकवलेलं विसरली नाही."

संध्याकाळी मला परत भिंतीवर लावलं, त्याच पानावर. खेकडीण अजून घरी पोचलेली नाही.

मित्रांनो, मला फेकून दिलं असतं, तर मी कुणाच्या तरी अंगणात पडलो असतो आणि एखादं मूल माझ्यावर चाललं असतं. तुमच्या शाळेत असं एखादं पुस्तक असेल तर माझं एवढं ऐका. देवळात जाताना आपण पायरीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि मग त्याच पायरीवर पाय ठेवून वर चढतो. पायरीला राग येत नाही, आणि देवालाही येत नाही. मलाही तसाच नमस्कार करा. आणि मग, मोठी माणसं काही म्हणोत, माझ्यावर पाय ठेवा. चिखलाचे असले तरी चालतील.