सुईनं टोचलेला कागद

मीनाक्षीबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तंजावरला काढला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, अप्पारावांना, बजावून सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांवरची पट्टी आणखी पंधरा दिवस राहील. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. डाव्या डोळ्यानं तर दोन वर्षांपासून दिसतच नव्हतं. जी काही आशा होती ती उजव्यावर.

रेल्वेनं कुंभकोणमला परतल्यावर दोन दिवस बाई कशाबशा पडून राहिल्या. तिसऱ्या सकाळी सून अंबुजा विहिरीवर असताना त्या भिंत चाचपत दारापर्यंत गेल्या, कोलम, म्हणजे उंबऱ्यापुढची रांगोळी, काढायला वाकल्या आणि कपाळ चौकटीवर आदळलं. पट्टीवर लाल डाग उमटला.

गावातल्या डॉक्टरांनी वरची पट्टी तेवढी बदलली. "आतलं मी उघडणार नाही. डोळा राहिला की गेला, ते तंजावरलाच कळेल. आता यांना जागचं हलू देऊ नका."

अप्पाराव बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. अंबुजाला तेच जास्त लागलं.

बाई मात्र बोलल्या. "माझ्या हातांना काहीतरी काम दे गं. नाहीतर मी पुन्हा उठेन, आधीच सांगते."

न बघता करता येईल असं काम कुठलं? अंबुजा लग्नाआधी मिशनच्या शाळेत एक शिवणकाम शिकली होती. कागदावर रेघा आखायच्या, कापडाचे तुकडे कागदासकट त्या रेघांवर शिवत जायचे, शेवटी कागद फाडून काढायचा. जोड अगदी सरळ येतात. बाई त्याला 'चिंध्यांचा खेळ' म्हणायच्या, म्हणून तिनं ते सासरी पुन्हा काढलंच नव्हतं.

त्या दुपारी तिनं जुन्या वहीचा जाड कागद वीतभर चौकोनी कापला. कॉफीच्या टंबलरखाली ठेवायला एक छोटी आसनी, एवढंच. रेघा आखल्या आणि प्रत्येक रेघेवर तांदळाएवढ्या अंतरानं सुईची भोकं पाडली, खालून वर, म्हणजे वरच्या बाजूला कागद खडबडीत होईल.

"आत्याबाई, हात द्या. हे बोटाला लागतं का?"

बाईंनी बोट फिरवलं. मग उलट फिरवलं. "कोलमच्या पुळ्ळ्यांसारखे ठिपके आहेत की गं हे!"

"तसेच. कापडाचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून कागदाखाली धरायचे. सुई एका भोकातून खाली, पुढच्या भोकातून वर. ओळ संपली की खालचा तुकडा उलटायचा, नखानं दाबायचा. मग पुढचा त्याच्यावर पालथा."

पहिल्या दिवशी बाईंची बोटं टोचून निघाली आणि एक तुकडा उलटा बसला. तो उसवला. अंबुजा एकदम पाच सुया ओवून ठेवायची, जास्तीचं कापड कात्रीनं छाटायची, पण टाके सगळे बाईंचे. चौथ्या दिवसापासून त्यांना ओळ कुठे वळते ते विचारावं लागलं नाही.

एकदा शिवता शिवता त्या थांबल्या. "डोळा गेला असेल, तर चूक माझी. तुझी नव्हे. अप्पाला मी तसं सांगितलंय."

अंबुजानं नवी सुई त्यांच्या हातात दिली.

सगळे तुकडे बसल्यावर कागद फाडायची वेळ आली. भोकांवरून तो पोस्टाच्या तिकिटासारखा सहज सुटला. आत जुन्या धोतराचे दोन पदर घालून, खाली अस्तर लावून बाईंनी चारी कडा शिवल्या.

पंधराव्या दिवशी ते तिघं पहाटेच्या गाडीनं तंजावरला गेले. बाईंनी आसनी बरोबर घ्यायला लावली होती. हातात धरायला काहीतरी हवं, म्हणाल्या.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. "काय दिसतं, अम्मा?"

"धुकं," बाई म्हणाल्या.

अंबुजानं डोळे मिटून घेतले. बाईंची मान खाली झुकली होती, मांडीवरच्या आसनीकडे.

"अंबुजा," त्या म्हणाल्या, "जांभळ्याशेजारी हा पिवळा कशाला दिलास? लाल नव्हता का घरात?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. त्यांनी डोळा पुन्हा निरखून पाहिला. "जखम भरली आहे. मार कपाळाला लागला, डोळ्याला नाही. आता जाड भिंगाचा चष्मा दिला की धुकंही जाईल."

अंबुजा भिंतीला टेकून रडू लागली.

"अगं, रडायचं नाही सांगितलंय ना?" बाई म्हणाल्या.

"ते तुम्हाला, आत्याबाई!"

परतीच्या गाडीत बाई खिडकी सोडायला तयार नव्हत्या. शेतं पुसट होती, पण हिरवी होती. ती हिरवी आहेत असं त्या प्रत्येक स्टेशनावर मुलाला सांगत होत्या, आणि अप्पाराव दर वेळी "हो आई" म्हणत होते. अंबुजानं यातलं काही ऐकलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली होती, सासूच्या खांद्यावर डोकं टेकून.